वहीचं बिघडते

आमच्या चर्चच्या स्मरणिकेसाठी जुन्या फादरांवर दोन पाने लिहून द्यावीत, असे सध्याच्या तरुण फादरांनी मला सांगितले, तेव्हा हे एका दुपारचे काम आहे असे मी समजलो होतो. ज्या माणसाने १९७० ते २००२ अशी बत्तीस वर्षे एकाच चर्चमध्ये काढली, ज्याच्या शेजारी मी वयाच्या आठव्या वर्षापासून वेदीवर मेणबत्ती धरून उभा राहिलो, ज्याने माझे लग्न लावले आणि माझ्या वडिलांना माती दिली, त्याच्याविषयी दोन पाने भरायला असा किती वेळ लागणार? प्रत्यक्षात चार ओळी झाल्या आणि पेन थांबले. जन्म १९२७, केरळात मीनाचिल नदीच्या काठच्या एका खेड्यात. शिक्षण नागपूरच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत. धर्मगुरुपदाची दीक्षा १९५६. निधन २००८. यापुढे जे जे आठवू लागले ते सगळे आमच्याविषयी होते. कोणाचे लग्न मोडता मोडता राहिले, कोणाच्या मुलाला फी भरायला पैसे मिळाले, कोणाला दारूतून बाहेर काढले. ते स्वतः या सगळ्यात कुठे होते, तर खोलीच्या कोपऱ्यात, खुर्ची असूनही उभे.

स्मरणिकेला फोटो हवा होता, तोही धड मिळेना. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या एका सामूहिक छायाचित्रात ते डाव्या कडेला आहेत, पण फोटोवाल्याने अर्धा खांदा कापलेला आहे. मागे राहिलेल्या सामानात एक ट्रंक, दोन पांढरे झगे, चष्म्याची मोडकी डबी आणि ॲटलास सायकलचा पंप एवढेच होते. डायरी नव्हती. शेवटी मी तरुण फादरांना म्हटले, कपाट उघडा, जुन्या वह्या पाहू.

मी अठ्ठावीस वर्षे एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होतो, त्यामुळे दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, या वस्तूविषयी माझ्या मनात आदर आणि संशय सारख्याच प्रमाणात आहेत. चर्चची स्नानसंस्काराची वही म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही, हे त्याच जातीचे पण फार जुन्या कुळातले रजिस्टर. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या, धर्मगुरूने स्नानसंस्कार आणि विवाह यांची वही ठेवलीच पाहिजे असा दंडक घातला, आणि आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेतही स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू अशा तीन वह्या सक्तीच्या आहेत. माणसाची मूळ नोंद त्याचा स्नानसंस्कार जिथे झाला तिथे राहते. पुढे त्याचे दृढीकरण, म्हणजे स्नानसंस्कार पक्का करणारा संस्कार, कुठेही होवो, लग्न दुबईत होवो की मठात आजन्म व्रत घेतले जावो, ती बातमी पत्राने मूळ चर्चला कळवली जाते आणि तिथला धर्मगुरू ती त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात लिहितो. एका माणसाला एक ओळ, आणि त्या ओळीत त्याचे आयुष्य हळूहळू उजवीकडे सरकत जाते.

कपाटातल्या सगळ्यात जुन्या वह्या लॅटिनमध्ये आहेत. घरी दगडू म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या मुलाचे नाव तिथे योसेफुस, आणि त्याच्या बहिणीचे मारिया. मग १९७० च्या जुलैत एका पानावर शाई बदलते. काळ्याची निळी होते, अक्षर किंचित उजवीकडे कलते, इंग्रजी मजकुरात घरचे नाव कंसात देवनागरीत येऊ लागते. पुढे पाने उलटत राहिले तरी ती निळी शाई संपत नाही. मी नोंदी मोजायला घेतल्या आणि दुसऱ्या वहीच्या निम्म्यावर सोडून दिल्या. बत्तीस वर्षांत खाडाखोड जवळपास नाही. जिथे चूक झाली आहे तिथे चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ आहे, जेणेकरून खालचा शब्दही वाचता यावा, आणि शेजारी दुरुस्ती, सही, तारीख. आमच्या शाळेत पांढरी शाई नावाचे जे द्रव्य होते, त्याने काय काय झाकले गेले हे मी पाहिले आहे. म्हणून त्या सरळ रेघांपाशी मी जरा जास्त वेळ थांबलो.

वाचकांपैकी अनेकांना हा प्रश्न पडेल की, केरळचा माणूस नागपुरात येऊन मराठी पोरांची घरची नावे कंसात का लिहीत बसला. त्याला थोडा इतिहास आहे. फ्रान्सच्या आल्प्समधल्या आनसी या गावी १८३८ मध्ये स्थापन झालेल्या एका मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४५ साली भारतात उतरले आणि विशाखापट्टणमहून पुढे मध्य भारतात शिरले. कामठीच्या छावणीतल्या पलटणींत कॅथलिक शिपाई होते, मागून रेल्वे आली आणि तिच्याबरोबर अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, तमिळ गँगमन, गोवेकर बँडवाले आले. १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. म्हणजे शहरातले चर्च प्रथम छावणीचे आणि रुळांचे होते. त्याची भाषा इंग्रजी होती, आणि मराठी त्यात मागच्या दाराने आली. हे दार मराठवाड्यात होते. गंगापूर-वैजापूरकडच्या घोगरगाव परिसरातल्या महार आणि मांग वस्त्यांत याच मिशनरींनी काम केले. तो मुलूख तेव्हा नागपूर धर्मप्रांतातच मोडत असे. १९५५ मध्ये अमरावती आणि १९७७ मध्ये औरंगाबाद असे वेगळे धर्मप्रांत झाले, ते नंतरचे. माझे आजोबा त्या वस्त्यांपैकी एकीतले. वडील रेल्वेत खलाशी म्हणून लागले, पुढे फिटर झाले आणि नागपूरला आले. चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकांवर बसत असू. तिथे बसा असे कोणी सांगितले नव्हते, आणि पुढे बसा असेही कोणी म्हणाले नव्हते.

फादरांचे बालपण ज्या चर्चमध्ये गेले तिथली उपासना सुरियानी भाषेत होत असे. मलयाळममध्ये ती १९६२ साली आली, तेव्हा फादर घर सोडून कधीच निघाले होते. त्यांची दीक्षा लॅटिनमध्ये झाली. लॅटिन मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, पाठ होऊन तोंडात बसते न बसते तोच दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ च्या डिसेंबरात लोकभाषांना वाट करून दिली. धर्मगुरूने आता लोकांकडे पाठ न करता लोकांकडे तोंड करून, त्यांना कळेल अशा भाषेत प्रार्थना म्हणायची होती. म्हणजे ज्या माणसाने देवाशी बोलायला दोन भाषा शिकून घेतल्या, त्याला चाळिशीत तिसरी शिकावी लागली, आणि ती त्याने सेमिनरीतल्या व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा रिक्षावाले, भाजीवाल्या आणि आमच्यासारखी पोरे यांच्याकडूनच जास्त उचलली. परिणाम असा की, प्रार्थनाग्रंथातले मराठी ते शुद्ध वाचत आणि प्रवचनाला उभे राहिले की अस्सल नागपुरी सुरू होई. ‘येशू म्हणते, काऊन भेता?’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि वादळात होडीत घाबरलेल्या शिष्यांना त्याहून नेमके काही विचारता आले असते असे मला अजूनही वाटत नाही. मराठी शब्दांचे लिंग मात्र त्यांना शेवटपर्यंत वश झाले नाही. सायकल पंक्चर ‘झाला’, पाऊस जोरात ‘आली’. आम्ही पोरे हसत असू. ते थांबून विचारत, ‘काय चुकलं?’ आणि दुरुस्ती करून पुढे जात. प्रवचनाच्या मध्येसुद्धा.

पॅरिशमध्ये भाषा हा कायमचा तंटा होता. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा कोणत्या भाषेत व्हावी यावर नोव्हेंबरपासून बैठका चालत. इंग्रजीवाले म्हणत परंपरा आहे, हिंदीवाले म्हणत सगळ्यांना कळते, तमिळ आणि मलयाळी मंडळी निदान एक-एक गीत मागत. मराठीवाले काही मागत नसत. एका वर्षी, बहुधा १९७६ असावे, फादरांनी कोणालाही न विचारता शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, मराठीत वाचले. समोरच्या बाकांवर चुळबूळ झाली, एक दोन कुटुंबे पुढचे काही रविवार दुसऱ्या चर्चमध्ये गेली. माझी आई त्या रात्री घरी येताना म्हणाली, ‘आज देव आपल्या गल्लीतून गेला.’ हे वाक्य मी स्मरणिकेत लिहिले होते. संपादक मंडळाने, जुन्या जखमा नकोत म्हणून, ते काढले. इथे ते ठेवतो.

त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक सांगण्यासारखे नाही, कारण ते सगळ्याच धर्मगुरूंचे असते. पहाटेची मिस्सा, कार्यालय, दवाखान्यातले आजारी, संध्याकाळची घरभेट. निराळे होते ते त्यांचे सायकलवर फिरणे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, घराघरांत कूलर घरघरत असतात आणि शहाणी माणसे दुपारी दार उघडत नाहीत. फादर नेमके तेव्हा येत. डोक्याला ओला दुपट्टा, झग्याच्या खिशात कांदा, आणि दाराशी सायकलची घंटी. त्यांचे म्हणणे असे की, संध्याकाळी गेले तर लोक घर आवरून ठेवतात, दुपारी गेले तर घर जसे आहे तसे दिसते. कोणाकडे कूलर बंद पडला आहे, कोणाच्या माठात पाणी नाही, कोण कामावर न जाता भिंतीकडे तोंड करून झोपला आहे, हे त्यांना असे कळे. हा शिष्टाचाराचा भंग आहे असे माझ्या वहिनीचे आजही मत आहे, आणि ते चुकीचे म्हणवत नाही. अंगात बनियन असताना धर्मगुरू दारात उभा राहिलेला कोणाला आवडेल?

पॅरिश प्रीस्टांचे आश्रयदाते संत म्हणजे फ्रान्समधल्या आर्स गावचे जॉन व्हिआनी. १८१८ ते १८५९ अशी एकेचाळीस वर्षे ते त्या एकाच लहानशा गावात राहिले. १९२९ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना जगभरच्या पॅरिश प्रीस्टांचे आश्रयदाते ठरवले. ४ ऑगस्टला त्यांचा सण असतो आणि लोक आपापल्या फादरांना हार घालतात. आमचे फादर त्या दिवशी हाराला हात लावू देत नसत. व्हिआनी दिवसाचे सोळा-सोळा तास लोकांच्या पापांची कबुली ऐकत बसत असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो होतो. ‘तो सोळा तास पापं ऐकायचा,’ फादर म्हणत, ‘मी सोळा तास तुमचे दाखले लिहितो. मला कोण संत करते?’

विनोद होता, पण दाखल्यांची गोष्ट खरी होती. त्या काळी वस्तीतल्या कित्येक मुलांच्या जन्माची सरकारी नोंद झालेली नसे. शाळेत नाव घालायला चर्चचा दाखला नेला जाई, आणि त्यावरची तारीख जन्मभर माणसाला चिकटे. म्हणून त्या निळ्या शाईच्या ओळींना देवाच्या दारात असेल तेवढेच महत्त्व रेल्वेच्या दारात होते. इथे आमच्या घरची गोष्ट येते.

१९८१ साली माझ्या थोरल्या भावाला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागण्याची संधी होती. वय चार महिन्यांनी जास्त भरत होते. शाळेच्या दाखल्यावरची तारीख बदलायची तर मूळ पुरावा हवा, आणि मूळ पुरावा म्हणजे चर्चची वही. भावाची नोंद १९५० च्या दशकातली, फादर इथे येण्याच्या कितीतरी आधीची, दुसऱ्याच कोणाच्या काळ्या शाईतली. बाबा मला बरोबर घेऊन कार्यालयात गेले. मी सोळा वर्षांचा होतो, दाराशी उभा राहिलो. बाबांनी आयुष्यात कोणापुढे हात पसरल्याचे मला आठवत नाही, पण त्या दिवशी ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

‘चार महिनेच तं आहेत, फादर. चार महिन्यानं देवाचं काय बिघडते?’

फादर बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘देवाचं काही नाही बिघडत, फिटरसाहेब. वहीचं बिघडते.’

बाबा उठले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि फादरांशी पुढची दोन वर्षे बोलले नाहीत.

मी पुढे आयुष्यभर जे काम केले त्यात अशा विनंत्या दर जूनमध्ये येत. काही वेळा मी नाही म्हणालो, आणि काही वेळा, हे लिहिताना लाज वाटते, मी तारीख ‘सुधारली’. त्यामुळे फादर बरोबर होते की नाही यावर मी ठाम निवाडा देऊ शकत नाही. वर्कशॉपची नोकरी म्हणजे क्वार्टर, पास, दवाखाना, पेन्शन. एका कुटुंबाचे पुढच्या दोन पिढ्यांचे गणित त्या चार महिन्यांवर होते, आणि त्यांनी वही मिटली. त्यांनी भावाला नंतर मोमिनपुऱ्यातल्या एका कूलर बनवणाऱ्याकडे कामाला लावले, स्वतः सायकलवर डबल सीट घेऊन जाऊन. भाऊ पत्रा कापायला शिकला, पंप बसवायला शिकला, आज त्याचे स्वतःचे दुकान आहे आणि मार्चपासून त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. लोक म्हणतात, पाहा, झाले ते बऱ्यासाठीच झाले. भाऊ म्हणतो, ‘पेन्शन असती तं पाहिलं असतं कोणाचं बऱ्यासाठी ते.’ मला भावाचे म्हणणे अधिक पटते.

पण वहीबद्दलचा त्यांचा हट्ट एकाच बाजूने चालत नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आमच्या वस्तीतली एक मोठी अडचण नागपूरकरांना समजावून सांगावी लागणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना दिल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. माझ्या आजोबांच्या चुलत भावाचे कुटुंब बाबासाहेबांबरोबर धम्मात गेले, आम्ही चर्चमध्ये राहिलो. रक्त तेच, गाव तेच, गावकुसाबाहेरची जागाही तीच, आणि १९९० नंतर त्यांच्या मुलांना केंद्राच्या नोकरीत जागा राखीव, आमच्या मुलांना नाही. म्हणून काही घरे कागदावर हिंदू राहिली आणि रविवारी मिस्सेला येत राहिली. काहींनी येणेही बंद केले. अशांपैकी एकजण फादरांकडे गेला आणि म्हणाला, माझे नाव वहीतून काढा, उद्या कोणी चौकशीला आले तर नोकरी जाईल. फादरांनी त्याला जे सांगितले ते त्याने मला मागच्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, सांगितले. ‘वहीत लिहिलंय ते मी खोडत नाही. आणि वहीत काय लिहिलंय ते मी कोणाला दाखवत नाही.’ त्याचे पुढचे दोन्ही मुलगे वहीत नाहीत. त्याच्या घरची दुपारची भेट मात्र चुकली नाही, असे तो म्हणाला, आणि त्याच्या आईला मरतेवेळी हवे होते तेव्हा तैलाभ्यंगही, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कारही, मिळाले, गाजावाजा न करता, मागच्या दाराने.

विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणारे लोक अजनी स्टेशनवर उतरून पायी निघत. आमच्या चर्चसमोरून रात्रंदिवस माणसांची रांग चाले. फाटकापाशी फादर तीन रांजण भरून ठेवीत आणि आम्हा पोरांना पेले विसळायला बसवीत. आमच्यातल्या काही जुन्या मंडळींना ते पसंत नव्हते. आपल्यातूनच तिकडे गेलेल्यांना आपण पाणी का पाजायचे, असा एक कडवट सूर असे. फादरांनी वाद घातल्याचे आठवत नाही. ‘ऊन आहे,’ एवढेच म्हणत. ऑक्टोबरचे ऊन खरोखरच असते.

बाबांच्या अबोल्याकडे परत येतो. कॅथलिकांमध्ये पापनिवेदन धर्मगुरूपाशी करावे लागते. मध्ये जाळी असते, आणि जे ऐकले ते धर्मगुरूने कुठल्याही कारणाने, जीव गेला तरी, उघड करायचे नसते. त्याने ते फोडले तर त्याला थेट धर्मबहिष्कृत होण्याची शिक्षा आहे. इतकेच नाही, त्या माहितीचा उपयोगही त्याने बाहेर करायचा नसतो. जणू ऐकलेच नाही असे वागायचे असते. आमच्या पॅरिशमध्ये धर्मगुरू एकच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाबा रांगेत उभे राहत, जाळीच्या अलीकडे गुडघे टेकत आणि पाच-सात मिनिटांनी उठत. बाहेर आल्यावर चर्चच्या अंगणात फादर समोर दिसले तर मान वळवून निघून जात. दोन वर्षे हे असेच चालले. जाळीतून ते काय बोलत असतील? फादरांविषयीचा राग हेही पाप म्हणून ते त्यांनाच सांगत असतील का? आणि फादर, ऐकून, क्षमेचे शब्द उच्चारून, बाहेर पुन्हा त्याच अबोल्याला सामोरे जात. लहानपणी मला यात फक्त विचित्रपणा दिसला. आता वाटते, त्या दोघांत त्या काळातही बोलणे तुटलेले नव्हते, फक्त ते आम्हाला ऐकू येत नव्हते.

१९८३ च्या पावसाळ्यात चर्चची घंटा अडकली. वरच्या आडव्या दांड्याचे बुश झिजले होते, दोरी ओढली की कण्हल्यासारखा आवाज येई आणि ठोका पडत नसे. रेल्वे वसाहतीत फिटरांना तोटा नव्हता, दहा जण म्हणाले आम्ही करून देतो. फादर ‘पाहू, पाहू’ म्हणत राहिले. तीन महिने घंटेऐवजी एक पोरगा रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारत असे. तो आवाज आमच्या घरापर्यंत येई आणि दर वेळी बाबांच्या कपाळावर आठी पडे. एका शनिवारी दुपारी त्यांनी न सांगता हत्यारांची पिशवी उचलली. मी मागे गेलो. ते मनोऱ्याला शिडी लावून वर चढले, आणि फादर कुठूनसे येऊन खाली शिडी धरून उभे राहिले. अर्धा तास वरून फक्त कुरकुर आणि ग्रीसचा वास येत होता. मग बाबा खाली न पाहता म्हणाले, ‘अठरा-एकोणीसचा पाना द्या.’

फादरांनी पिशवीत हात घालून पाना वर दिला. तो बावीसचा होता. बाबांनी तो पाहिला, फादरांकडे पाहिले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसले.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो, येशूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. त्या वर्षानंतर बाबा त्या बारांत अनेकदा होते. टाचांना भेगा, नखांत काळे तेल. फादर ते पाय घंगाळात घेऊन इतके नीट धूत की, मागची मंडळी कंटाळत. आईने एकदा त्यांना विचारले होते, ‘फादर, पाय काय फक्त माणसांचेच मळतात का?’ त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, नियम पुरुषांचाच होता. ‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. त्या वर्षी आई ब्याऐंशी वर्षांची होती. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून तिने पाय पुढे केला, नव्या फादरांनी धुतला, आणि घरी येऊन म्हणाली, ‘यानं घाई केली.’

पंच्याहत्तरी पूर्ण झाली की पॅरिश प्रीस्टने राजीनामा द्यावा अशी धर्मसंहितेत अपेक्षा आहे. २००२ मध्ये फादरांनी तो दिला आणि मंजूर झाला. निरोप समारंभात भाषणे झाली, शाल-श्रीफळ झाले, ते सारे कुठल्याही समारंभासारखे होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी एका मुलीचा स्नानसंस्कार केला, नोंद लिहिली, शाई वाळू दिली, वही कपाटात ठेवली आणि किल्ली पुढच्या माणसाच्या हातात दिली. ती ओळ मी पाहिली. तिच्या खालच्याच ओळीवर पुढचा अनुक्रमांक आहे आणि बॉलपेनातले दुसरे अक्षर आहे. मध्ये जागा सोडलेली नाही. मृत्यूची नोंद आमच्या वहीत शोधली, ती तिथे असण्याचे कारण नव्हते. शेवटची सहा वर्षे ते निवृत्त धर्मगुरूंच्या घरात होते. आमच्या कपाटात त्यांच्या नावाची एकही ओळ नाही. असंख्य ओळींच्या शेवटी सही मात्र आहे.

स्मरणिकेचा लेख मी दीड पानात संपवला. एक गोष्ट त्यात घातली नाही, कारण तिचा उपयोग काय असे कोणीही विचारले असते.

१९८९ च्या डिसेंबरात बाबांचा दमा बळावला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटले. रात्री अकरा वाजता भाऊ फादरांना आणायला गेला, ते त्याच्याच स्कूटरवर मागे बसून आले, मफलर कानाला गुंडाळून. आम्हा सगळ्यांना त्यांनी खोलीबाहेर काढले आणि दार लावून घेतले. शेवटचे पापनिवेदन. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आतून बाबांचा खोकला येई, मग बोलणे, मग कोणाचे तरी हसू, आणि ते बाबांचे होते हे आईने ओळखले. ती पदराने तोंड झाकून बसली. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. अर्ध्या तासाने दार उघडले. फादर बाहेर आले, तेलाची छोटी डबी खिशात ठेवली आणि चष्मा पुसला. आम्ही पाचही जण त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी भावाकडे पाहिले, जरा जास्त वेळ पाहिले, आणि मग आईला म्हणाले, ‘चहा ठेवतेस का? साखर कमी टाक.’